रशियन ‘व्राच’ वापरताना या चुका टाळा

रशियात वैद्यकीय शिक्षणाला गेलेल्या मराठी मुलांना ‘व्राच’ म्हणजे डॉक्टर हा शब्द रोज लागतो. वाक्यात घालताना मात्र मराठीची सवय आडवी येते.

आधी उच्चार. यातला च ‘चहा’तला, ‘चमचा’तला नव्हे. ‘चमचा’तला लावलात तर रशियन कानाला निराळंच अक्षर ऐकू येतं. विभक्ती लागली की आघात शेवटी सरकतो आणि आधीचा ‘आ’ आखूड होतो: व्राच, पण व्रचा, व्रचू, व्रचोम, व्रचे.

सर्वांत जास्त घोळ ‘कडे’मुळे होतो. डॉक्टरांकडे जातो, डॉक्टरांकडे होतो, दोन्हीला मराठीत ‘कडे’च. रशियनमध्ये जायचं असेल तर ‘क व्रचू’, तिथे असाल तर ‘ऊ व्रचा’, तिथून येताना ‘अत व्रचा’. ही तीन रूपं शब्दांसकट पाठच करा, नियम आठवत बसू नका.

‘तो डॉक्टर आहे’ला ‘ओन व्राच’ पुरतं, ‘आहे’ लागत नाही. पण होता, होणार, डॉक्टर म्हणून काम करते, असं म्हणायचं तर तृतीया हवी: ‘ओन बिल व्रचोम’, ‘अना रबोतायेत व्रचोम’. इथे नुसतं ‘व्राच’ ठेवणं ही नेहमीची चूक.

डॉक्टर बाई असल्या तरी शब्द पुल्लिंगीच. क्रियापद स्त्रीलिंगी चालतं: ‘व्राच प्रिश्ला’, म्हणजे डॉक्टर आल्या. विशेषण मात्र पुल्लिंगी ठेवा: ‘नोवी व्राच प्रिश्ला’, म्हणजे नव्या डॉक्टर आल्या (रशियन ‘नोवी’ पुल्लिंगी आहे). बोलताना लोक स्त्रीलिंगी ‘नोवाया व्राच’ म्हणतात, पण ते फक्त प्रथमेत. ‘नव्या डॉक्टर बाईंकडे’ला ‘क नोवमू व्रचू’च म्हणावं लागतं. ‘व्रचीखा’ हे रूप टाळाच, त्यात तुच्छता डोकावते. आदरार्थी अनेकवचनही नको: ‘व्रची प्रिश्ली’चा अर्थ अनेक डॉक्टर आले एवढाच. आणि हाक मारायची ती ‘दोक्तर’ म्हणून.

राहिली व्युत्पत्ती. ‘व्रात’ म्हणजे खोटं बोलणं, म्हणून व्राच म्हणजे थापाड्या, असं सांगितलं जातं. ते चूक आहे. धातू बहुधा तोच, पण त्याचा जुना अर्थ नुसता ‘बोलणं’. मंत्र पुटपुटून रोग उतरवणारा तो व्राच. सर्बियनमध्ये या शब्दाचा अर्थ आजही मांत्रिक असाच आहे, त्यामुळे बेलग्रेडमध्ये डॉक्टर हवा असेल तर ‘लेकार’ म्हणा.