पीजीसीईचा अर्ज भरण्याआधी बी.एड.चा कागद शोधा

दिवाळीच्या आसपास मला दरवर्षी दोन-चार फोन येतात. इंग्लंडमधल्या शिक्षक प्रशिक्षणाचे, म्हणजे पीजीसीईसारख्या कोर्सेसचे, नवे अर्ज ऑक्टोबरात सुरू होतात, त्यामुळे कुणाची भाची, कुणाची वहिनी, कुणाचा विद्यार्थी चौकशीला लागलेला असतो. प्रश्न ठरलेला: "ताई, पीजीसीईसाठी कुठलं विद्यापीठ चांगलं?" मी उलट विचारते, बी.एड. झालंय का, विषय कोणता, आणि वर्गावर किती दिवस उभे राहिलात? त्यांना वाटतं, मी उत्तर टाळतेय. पण तयारीच्या यादीतलं पहिलं काम तेच आहे. कोर्स निवडण्याआधी कोर्स लागतोय का ते बघायचं.

तिथल्या सरकारी शाळांना शिक्षक हवा असतो तो क्यूटीएस असलेला. क्यूटीएस म्हणजे शिकवण्याची अधिकृत पात्रता. पीजीसीई हे त्यापासून वेगळं, विद्यापीठाचं प्रमाणपत्र. बहुतेक कोर्सेस दोन्ही एकत्र देतात म्हणून लोकांच्या डोक्यात त्यांची खिचडी होते. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो. अट अशी की ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याचं तुमचं प्रशिक्षण झालेलं हवं. शिवाय पदवी, वर्गावरचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा. या अर्जाला फी नाही. म्हणजे सांगलीच्या शाळेत चार वर्षं नववी-दहावीला गणित शिकवणारी बाई, जिच्याकडे बी.एस्सी. बी.एड. आहे, ती काही हजार पौंड भरून त्याच गोष्टीसाठी पुन्हा छात्राध्यापक व्हायला निघालेली असते. मी २०१९ साली गेले तेव्हा ही वाट नव्हती. असती तर निदान अर्ज करून पाहिला असता. इतिहास, वाणिज्य किंवा प्राथमिकवाल्यांना ही वाट आजही बंद आहे. त्यांनी पुढचं वाचावं. ज्यांना वर्गाचा अनुभवच नाही, त्यांनीही.

कोर्सच्या नावातले शब्द सावकाश वाचा. "पीजीसीई विथ क्यूटीएस" आणि "इंटरनॅशनल पीजीसीई" या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्यात क्यूटीएस नसतं. तो जगभरच्या खाजगी शाळांत काम करणाऱ्या शिक्षकांसाठी असतो आणि बराचसा घरबसल्या होतो. आयक्यूटीएस म्हणून तिसराही प्रकार आहे, इंग्लंडबाहेर राहून क्यूटीएस मिळवण्याचा. मुंबई-पुण्यातल्या आयबी किंवा केंब्रिजच्या शाळेत शिकवायचं असेल तर कदाचित यातलं काहीतरी पुरेल आणि विमानाचं तिकीट वाचेल. स्कॉटलंडचा पीजीडीई आणि तिथली नोंदणी हे वेगळंच प्रकरण आहे, त्याला इथे हात घालत नाही.

आणि परत यायचं असेल तर? जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेची आशा मनात असेल तर बी.एड. किंवा डी.एल.एड., टीईटी आणि टेट या परीक्षा आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल हा रस्ता ठरलेला आहे; नुसत्या पीजीसीईच्या भरवशावर त्यात शिरता येईल असं धरून चालू नका. बी.एड. अर्धवट सोडून तिकडे पळणाऱ्यांना मी तरी आधी ते पुरं करायला सांगते.

आता कोर्सच. तिथल्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर सगळे कोर्सेस एका ठिकाणी सापडतात आणि त्यात व्हिसा प्रायोजित करणारेच कोर्सेस दाखव, अशी चाळणी लावता येते. ती आधी लावा. शाळा-शाळांनी मिळून चालवलेले प्रशिक्षण गट खूप आहेत आणि त्यातले काही फार चांगले आहेत, पण परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना प्रत्येकाकडे नसतो. एका वेळी चार ठिकाणी अर्ज करता येतो. मे-जूनपर्यंत जागा दिसतात म्हणून थांबू नका. स्थानिक विद्यार्थ्याला जुलैत प्रवेश मिळाला तरी तो सप्टेंबरला वर्गात पोचतो. तुम्हाला मध्ये व्हिसा आहे.

पात्रतेत पदवीइतकंच दहावीकडे बघतात, हे आपल्याकडच्यांना कोड्यात टाकतं. इंग्रजी आणि गणितात तिथल्या जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारखी परीक्षा) ग्रेड ४ च्या तोडीचं, आणि प्राथमिकसाठी विज्ञानातही. बोर्ड कुठलं, इंग्रजी प्रथम भाषा होती की तृतीय, यावरून उत्तर बदलू शकतं. मराठी माध्यमवाल्यांनी यूके एनिककडून (परदेशी शिक्षणाची तिथल्याशी तुलना करून देणारी संस्था) पदवी आणि दहावी दोन्हींची तुलना करून घ्यावी, आणि "तुम्ही हे धरता का, की वेगळी परीक्षा द्यावी लागेल" असं प्रत्येक ठिकाणी ईमेलने विचारावं. फोनवर नाही. लेखी उत्तर पुढे कामाला येतं.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये आणि आडनाव सासरचं. बी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव, पण आईचं नाव गायब. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या प्रवेश कचेरीतल्या माणसाला मात्र त्या तीन वेगळ्या बायका वाटल्या. विवाह नोंदणी दाखला, राजपत्र, प्रतिज्ञापत्र असं सगळं जमवण्यात माझे तीन आठवडे गेले. तेव्हा अर्जाच्या आधी सगळे कागद टेबलावर पसरून नाव अक्षरन् अक्षर जुळवा. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायचं तर ते परीक्षा आणि निकालांच्या हंगामात मागू नका. खिडकीवरचा माणूस "पुढच्या सोमवारी या" म्हणेल आणि त्याचीही चूक नसते. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो. मुलांमध्ये काम करायचं असल्यामुळे तिथली डीबीएस म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी आणि इथला दाखला दोन्ही लागतात. मध्ये दोन वर्षं दुबईला असाल तर तिथलाही. क्षयरोगाची तपासणी मान्यता असलेल्या केंद्रातच करायची आणि तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून उगाच जानेवारीतच उरकून टाकू नका.

पैसे. परदेशी विद्यार्थ्याला फी साधारण १५ ते २५ हजार पौंडांच्या घरात पडते, ठिकाणाप्रमाणे. व्हिसासाठी राहण्याचा खर्च वेगळा दाखवावा लागतो: ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड, लंडनमध्ये १,५२९, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. लंडनबाहेर हे १०,५३९ होतात. ही रक्कम तुमच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असायला हवी. एक दिवस जरी खाली गेली तरी गणित फिसकटतं. सोनं, शेअर, पीएफ यातलं काही चालत नाही. काका-मामांच्या खात्यातले पैसेही नाहीत; त्यांना मदत करायची असेल तर आधीच तुमच्या खात्यात वळती करू द्या. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. लग्न झालेल्यांनी हेही ऐकून ठेवा की जानेवारी २०२४ पासून अशा कोर्सला जोडीदार किंवा मूल सोबत नेता येत नाही. ही गोष्ट घरात पहिल्याच दिवशी बोलून घ्या, तिकीट काढताना नव्हे.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. पीजीसीई हे नावातच प्रमाणपत्र, पदवी नाही. त्यामुळे समाजकल्याण कार्यालयात लेखी खुलासा घेतल्याशिवाय तिच्या आशेवर राहू नका. भौतिकशास्त्र आणि भाषांच्या शिक्षकांसाठी इंग्लंडने २०२३ मध्ये १०,००० पौंडांचा स्थलांतर भत्ता काढला होता. त्याच्या जुन्या बातम्या अजून व्हॉट्सअॅपवर फिरतात. असले भत्ते वर्षावर्षाला बदलतात. चालू वर्षाचं सरकारी पान बघा, फॉरवर्ड नको.

आता विद्यापीठाचं "चांगलं" कसं ओळखायचं. जागतिक क्रमवारी इथे फारशी उपयोगाची नाही. कारण या वर्षातला मोठा भाग शाळेत जातो: किमान १२० दिवस, आणि किमान दोन शाळांत. आपल्या आंतरवासितेसारखं, पण टाचणवहीवर सही घेऊन सुटायची सोय नाही. म्हणून प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न शाळेचे आहेत. शाळा किती लांब देता? बसने पोचता येतं का? शाळा साडेआठला भरते, तुम्हाला पावणेआठला हजर राहायचं असतं, आणि डिसेंबरात त्या वेळी काळोख असतो. माझी पहिली शाळा दोन बस बदलून होती. भारतीय लायसन्सवर पहिले बारा महिने गाडी चालवता येते हे खरं, पण विम्याचा आकडा बघितल्यावर मी बसच पकडली. तुमच्या विषयाचे किती प्रशिक्षणार्थी आहेत तेही विचारा. तिघंच असाल तर तुम्ही एकमेकांची टाचणं वाचाल, तीस असाल तर कुणीच वाचणार नाही. कोर्स लेव्हल ७ चा, म्हणजे पदव्युत्तर पातळीचा आहे का आणि एम.ए.कडे धरता येणारी ६० क्रेडिट्स मिळतात का? आणि सगळ्यात नावडता प्रश्न: मध्येच आजारी पडले, वर्ष थांबवावं लागलं, तर माझ्या व्हिसाचं काय? कारण नोंदणी थांबली की विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावं लागतं.

वर्षानंतरचा हिशेब अर्जाच्या वेळीच मांडा. पीजीसीईनंतर तिथे राहून नोकरी करण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा. नव्या शिक्षकाचा पायाभरणीचा काळ मात्र २०२१ पासून दोन वर्षांचा आहे. मधला सहा महिन्यांचा खड्डा भरायला शाळेने तुम्हाला कामाचा व्हिसा द्यावा लागतो, आणि त्यासाठी शाळेकडे परदेशी माणसाला नोकरीवर घेण्याचा परवाना हवा. परवानाधारकांची यादी गृहखातं जाहीर करतं. ती उघडा आणि ज्या भागात कोर्स घेताय तिथल्या किती शाळा, किती शाळासमूह त्यात आहेत ते मोजा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकापेक्षा हे मोजणं जास्त सांगून जातं. सप्टेंबरला शाळा सोडून जाणारे शिक्षक ३१ मेपर्यंत राजीनामा देतात, त्यामुळे जागांच्या जाहिराती वसंतात येतात. तुम्ही तेव्हा दुसऱ्या शाळेत, दमलेल्या. तरी अर्ज करायचे.

निघण्याआधी दोन गोष्टी वाचून जा: मुलांच्या सुरक्षिततेबद्दलच्या सरकारी मार्गदर्शिकेचा पहिला भाग, जो शाळेत पाऊल टाकण्याआधी वाचावाच लागतो, आणि तुमच्या विषयाचा जीसीएसईचा अभ्यासक्रम. माझं एम.एस्सी. होतं, आणि इयर एटच्या (बारा-तेरा वर्षांच्या) पोराने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं की बल्ब फुटला तर वीज बाहेर सांडते का. मी त्याला ओहमचा नियम सांगायला लागले. मागे बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि तासानंतर ते पान फाडून माझ्या हातात दिलं: "त्याने विचारलंय ते परत वाच."

ते पान अजून माझ्या टाचणवहीत आहे. बॅगेत लोकरी कपडे कमी आणि पावसाळी बूट बरे घ्या. छत्री नको, वाऱ्याने उलटते.