लोकसहभागामुळे गावातल्या सेवा खरंच सुधारल्या का, हे तपासताना या चुका टाळा

पाणी, रेशन, दवाखाना, अंगणवाडी या कामांत लोकांना सोबत घेऊन झटणारे गट धुळे, नंदुरबार, जळगावात बरेच आहेत, बचत गटाच्या ताया आहेत, तरुण पोरं आहेत. वर्षभर राबून झाल्यावर रिपोर्ट लिहायची वेळ येते आणि त्यात काय लिहिलं जातं, तर एवढ्या बैठका घेतल्या, एवढे लोक आले, फोटो सोबत जोडलेत. नळाला पाणी आधीपेक्षा लवकर यायला लागलं का, हे मात्र कुठेच नसतं. एवढी मेहनत करणाऱ्यांच्या हातात शेवटी पुरावाच नसावा याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

हजेरी म्हणजे सहभाग नाही

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभा भरायला लागणारी कमीत कमी हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. सह्या पूर्ण दिसल्या की आपण सहभाग चांगला म्हणून मोकळे होतो, पण सही करणारा सभेत बसला होता का, बसला तर बोलला का, हे रजिस्टर सांगत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, तर त्या सभेतला एखादा तरी विषय मुख्य सभेत चर्चेला आला का ते बघा, त्यातून हजेरीपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

त्यापेक्षा एकेका मागणीचा माग काढा. कोणी मांडली, ठराव झाला का, ठराव पंचायत समितीत गेला का, गेला तर आवक नंबर काय, त्यावर कोणी काय केलं, आणि शेवटी नळावर किंवा दुकानात फरक पडला का. समजा दहा मागण्या होत्या आणि त्यातल्या सात ठराव झाल्यावर पुढे सरकल्याच नाहीत, तर लोक कमी पडले असं लिहू नका, अडचण वरच्या ऑफिसात आहे आणि पुढच्या वर्षी ताकद तिथे लावायची आहे हे त्यातून कळतं.

सीझन विसरला की सगळा सर्व्हे वाया

आपल्याकडे ही चूक फार महागात पडते. पहिला सर्व्हे भादव्यात घेतला, विहिरींना पाणी, सगळे खुश, आणि दुसरा घेतला मे महिन्यात, म्हणजे शिंदखेडा-पारोळ्याकडे उन्हाळ्यात काय हाल असतात ते सगळ्यांना माहितीये, मग काय, रिपोर्टमध्ये काम फेल. उलटं केलं तर काहीही न करता काम पास! दोन्ही सर्व्हे एकाच महिन्यात घ्या, एक वर्षाच्या अंतराने, आणि त्या दोन वर्षांत पाऊस कसा होता तेही लिहून ठेवा.

अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या पाड्यांवर अजून एक गोष्ट आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात आणि सातपुड्यात होळी मोठी, त्यामुळे बरेच जण तेव्हा घरी येतात. जानेवारीत सर्व्हे केला तर ज्यांच्या घराला कुलूप आहे ते यादीतून गळतात, आणि रेशन, अंगणवाडी, लसीकरण यात सगळ्यात जास्त अडचण नेमकी त्यांचीच असते. बंद घर दिसलं की शेजारचं घर घेऊ नका, तशी नोंद करा आणि होळीच्या दिवसांत परत जा.

शेजारचं गाव बघितलंच नाही

तुमच्या गावात नळ आले, छान, पण जल जीवन मिशनमध्ये (घरोघरी नळ देण्याची सरकारी योजना) शेजारच्या गावातही त्याच वर्षी नळ आले असतील तर ते तुमच्या बैठकांमुळे झालं असं कसं म्हणणार? जिथे काम केलं नाही अशी सारखी दोन-चार गावं निवडा, तेच प्रश्न विचारा.

तुलना केल्यावर काय काय निघतं बघा. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातल्या 280 गावांत एक अभ्यास झाला, 2010 मध्ये छापून आला. गावकऱ्यांना शाळेची, शिक्षण समितीची माहिती दिली, सभा घेतल्या, तरी सरकारी शाळांमध्ये काही फरक पडला नाही. पण जिथे गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून मुलांचे वाचनवर्ग घेतले, तिथे येणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. इंडोनेशियातही 600 हून जास्त गावांमधल्या रस्त्यांच्या कामावर अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी अभ्यास केला, 2007 चा. लोकांना हिशेबाच्या सभेला बोलावून सरासरी फारसा परिणाम दिसला नाही, सरकारी ऑडिट पक्कं होणार असं सांगितल्यावर मात्र गायब होणारा पैसा सुमारे 8 टक्के अंकांनी कमी झाला. म्हणून लोकसहभाग सोडून द्या असं अजिबात म्हणणं नाही. फक्त नुसती माहिती देणं, लोकांना करायला ठोस काम देणं, आणि वरून तपासणी असणं, या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजा, एकत्र केल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

तक्रारी वाढल्या म्हणून घाबरू नका

पहिल्या वर्षी तक्रारी वाढतातच, कारण आधी लोक बोलतच नव्हते. आकडा बघण्यापेक्षा किती तक्रारी सुटल्या आणि किती दिवसांत सुटल्या ते बघा.

विचारणारा कोण?

रेशन दुकानदाराच्या ओट्यावर बसून रेशन नीट मिळतं का विचारलं तर सगळे हो म्हणणार. ग्रामसेवक भाऊसाहेब सोबत असले तरी तेच. घरी जाऊन विचारा, बायांना बाईने विचारावं. भाषेचंही बघा, पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीत "सेवेबाबत समाधानी आहात का" विचारलं तर ती मान हलवून मोकळी होते. अहिराणी पट्ट्यात "तुमना नळले कितला दिनमा पानी येस?" असं सरळ विचारा, आकडा मिळतो. आणि गावाची सरासरी काढून थांबू नका, गावठाणात पाणी रोज आणि टोकाच्या पाड्यावर आठवड्याने, हे सरासरीत दिसत नाही.

बेसलाइन घेतलीच नसेल तर?

बेसलाइन म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या परिस्थितीची नोंद. ती नसली तरी सगळं संपलं असं नाही. पाणी सोडणाऱ्या भाऊंची वही, पंपाची जुनी वीजबिलं, दवाखान्याचं ओपीडी रजिस्टर, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी, हे सगळं आधीचं असतं. मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण त्यातही लिहिलेलं सगळं खरं धरू नका, दोन-चार घरी जाऊन पडताळा. लोकांच्या आठवणीवरच जायचं असेल तर "मागच्या वर्षी कसं होतं" विचारू नका, आखाजीला कसं होतं, कानबाईच्या वेळी कसं होतं असं सणाला धरून विचारा, लोकांना बरोबर आठवतं.

निकाल गावाला सांगा

हे बहुतेक राहूनच जातं. 2007 च्या सुमारास आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. त्यात गावाने आपल्या दवाखान्याला लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचं, अशी पद्धत. तुमचाही निकाल तसाच एका मोठ्या कागदावर लिहून ग्रामसभेत लावा, प्रत्येक लाल खुणेपुढे कोण दुरुस्त करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत ते तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि त्या तारखेला तोच कागद घेऊन परत जा.