संभाव्यतेची शाब्दिक उदाहरणे सोडवताना

दहावीच्या विद्यार्थ्यांना बीजगणित शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की, संभाव्यतेच्या प्रकरणात आकडेमोड फारशी नसतेच. गुण जातात ते नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींची (परिणामांची) यादी, घाईने लिहिल्यामुळे. अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागायचे, एवढेच सूत्र आहे, पण त्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे प्रत्येक येण्याची शक्यता सारखीच, असल्या तरच ते चालते, आणि ही अट व्याख्येत पाठ असूनही उदाहरणात विसरली जाते.

ही चूक केवळ नवशिक्यांची नव्हे. नाणे दोनदा फेकल्यास किमान एक छापा येण्याची संभाव्यता काढताना द'आलांबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये असा युक्तिवाद केला होता की, पहिल्याच फेकीत छापा आला तर पुढे फेकायचे कारण उरत नाही. म्हणजे छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता राहतात आणि उत्तर २/३ येते. परंतु त्यांपैकी पहिलीची संभाव्यता १/२ आणि उरलेल्या दोघींची प्रत्येकी १/४ असल्याने खरे उत्तर ३/४ आहे.

दोन फाशांच्या उदाहरणातही हाच सापळा असतो. बेरीज २ ते १२ यांपैकी काहीही येऊ शकते, म्हणून अकरा निष्पत्ती धरणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी सहा ओळी व सहा स्तंभांचा तक्ता भरायला लावतो. बेरीज मूळ संख्या असण्याची घटना घेतली, तर २ एकदा, ३ दोनदा, ५ चारदा, ७ सहा वेळा आणि ११ दोनदा सापडते. एकूण १५, म्हणून संभाव्यता १५/३६, म्हणजेच ५/१२. तक्ता भरायला वेळ लागतो हे खरे, पण सुरुवातीला तो वाचवू नये.

पत्त्यांच्या उदाहरणांसाठी एकदा पत्त्यांचा जोड हाताळावा. ज्या घरांत पत्ते खेळत नाहीत, तिथल्या मुलांना चित्रयुक्त पत्ते (राजा, राणी, गुलाम) बाराच असतात आणि एक्का त्यांत येत नाही, हे ठाऊक असण्याचे कारणच नाही.

समितीच्या उदाहरणात मात्र क्रमाचा प्रश्न येतो. तीन मुलगे व दोन मुली यांतून दोघांची समिती निवडायची असेल, तर जोड्या १० होतात; किमान एक मुलगी असलेल्या ७, आणि नेमकी एकच मुलगी असलेल्या ६. क्रम लक्षात घेऊन २० निष्पत्ती लिहिल्या तरी बिघडत नाही, कारण तेव्हा किमान एक मुलगी असलेल्या अनुकूल निष्पत्तीही १४ होतात. छेदात २० आणि अंशात ७ लिहिले, की उत्तर चुकते.