त्रिनिदादला कासवांसाठी जाताय? लाल टॉर्च घ्या

त्रिनिदादच्या मातुरा किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं मार्च ते ऑगस्टमध्ये अंडी घालायला येतात, बहुतेक रात्रीच. म्हणून स्वयंसेवकाच्या बॅगेत लाल उजेडाची हेडटॉर्च हवीच. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकते आणि अंडी न घालताच समुद्राकडे वळते. मोबाइलचा फ्लॅशही त्यातच आला. ती खड्डा उकरत असताना जवळ जाऊ नका. अंडी पडू लागली की ती फारशी हलत नाही, माप घेणं, टॅग लावणं तेव्हाच. तेही मागून, पुढच्या वल्ह्यासारख्या पायाचा फटका साधा नसतो! कपडे गडद, पूर्ण बाह्यांचे. आणि हो, अमेरिकेत विमान बदलणार असाल तर भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी. तो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.