स्त्री-पुरुष फरकांवर प्रबंध करताय? या चुका टाळा

प्रबंधाचा डेटा घेऊन माझ्याकडे येणारे रेसिडेंट आणि पीएचडीचे विद्यार्थी पी व्हॅल्यूबद्दल (औषधाचा खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) विचारतात. मी आधी पेशंटची माहिती भरायचा त्यांचा कोरा फॉर्म मागते. निम्मा घोळ तिथेच सापडतो.

एका फॉर्मात पर्याय होते ‘पाळी चालू / बंद’. चौतीस वर्षांच्या एका ताईंनी ‘बंद’ सांगितलं आणि एक्सेलमध्ये त्या रजोनिवृत्त झाल्या. प्रत्यक्षात त्यांची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. बीडकडच्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रिया २०१९ मध्ये गाजल्या होत्या, तेव्हा आपल्याकडे ही नवलाई नाही. पिशवी काढली पण अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते, हार्मोन्स मात्र चालूच राहतात. हाडांच्या किंवा हृदयरोगाच्या अभ्यासात अशी बाई पन्नाशीच्या बायकांसोबत मोजली की तुलना फसलीच. म्हणून शेवटची पाळी कधी आली, पिशवी काढली का, अंडाशय ठेवले का, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा. अंडाशयाचं पेशंटला बऱ्याचदा ठाऊक नसतं, डिस्चार्ज कार्ड मागा. तेही नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा, अंदाजाने भरू नका.

चुलीचंही तसंच. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बाईला सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकाळचा दम लागणारा आजार) झाला आणि तुम्ही धुराबद्दल विचारलंच नाही, तर स्वयंपाकघराचा दोष तिच्या शरीरावर जातो.

आता आकडेमोड. समजा, एका औषधाने पुरुषांचा रक्तदाब ८ ने उतरला, पी ०.०३, स्त्रियांचा ७ ने, पी ०.०९ (पी ०.०५ च्या खाली असेल तरच परिणाम खरा धरायची प्रथा आहे). निष्कर्ष काय लिहितात? ‘स्त्रियांना औषध लागू पडत नाही.’ अहो, आठ आणि सातात फरक तो केवढा! नमुन्यात स्त्रिया कमी असल्या तरी असा पी येतो. दोन गटांच्या दोन चाचण्या लावू नका. एकाच मॉडेलमध्ये लिंग आणि औषध यांची इंटरॅक्शन टर्म (औषधाचा परिणाम लिंगानुसार बदलतो का, हे थेट मोजणारा घटक) घालून तपासा. औषधाच्या एकूण परिणामाएवढाच फरक पकडायचा असेल, तर साधारण चौपट नमुना लागतो. साठ पेशंटांत ते जमणार नाही. मर्यादांमध्ये सरळ कबूल करा.

याचा अर्थ फरक नसतातच असा नव्हे. झोल्पिडेम ही झोपेची गोळी सकाळीही स्त्रियांच्या रक्तात जास्त उरते, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा नेहमीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला.

राहिला नमुना कुठून घेतला हा मुद्दा. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या (‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, १९८९). ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरात बाकीच्या दिसल्याच नसत्या. तेव्हा नमुना ओपीडीतून घेतला असेल आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘जिल्ह्यातील स्त्रिया’ लिहिलं असेल, तर ते खोडून ‘ओपीडीत आलेल्या स्त्रिया’ करा.