टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सामानाची कपाटं कशी बसवावीत

गाडीत राहण्याजोगं घर करायचं ठरलं की बहुतेक जण घराचं फर्निचर करणाऱ्या सुताराला बोलावतात. तो टेप लावून लांबी-रुंदी-उंची कागदावर लिहून नेतो, कारखान्यात गुण्यात (काटकोनात) बसणाऱ्या नेटक्या पेट्या बनवतो, आणि त्या पेट्या गाडीत बसत नाहीत. त्याच्या हातात खोट नसते. भिंत सरळ आहे असं धरून काम करायची त्याला सवय असते, आणि गाडीला सरळ भिंत एकही नसते. मी आजवर सहा गाड्यांची कपाटं केली आहेत. पहिल्या गाडीत प्लायच्या दोन अख्ख्या शीट वाया घालवल्या, त्याही याच एका कारणाने. म्हणून या लेखातली बरीचशी जागा त्या एका टप्प्यालाच, म्हणजे भिंतीचा वाकडा आकार फळीवर उतरवण्यालाच, देतो आहे.

सीटा निघाल्या आहेत, फ्लोअरवर प्लाय पडला आहे, वायरिंग ओढून झालं आहे आणि कुठे काय ठेवायचं ते तुम्ही खडूने आखलं आहे, असं धरून चालतो. हे काम पहिल्यांदा करत असाल तर सीटा काढण्याआधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल आपल्या मनाने करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्यातलाच तपशील आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याजोग्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कपाटं झाल्यावर ती काढायला लागणं फार जिवावर येतं.

प्लाय कोणता

रे रोडच्या लाकूडबाजारात गेलात की दुकानदार १८ मिमी पुढे करतो आणि सुतारही तोच मागतो. घेऊ नका. १८ मिमीची ८ बाय ४ ची एक शीट पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जाते. अशा सहा शीट लावल्या तर एकही भांडं आत ठेवण्याआधी तीन माणसांचं वजन गाडीत चढलेलं असतं. पेटीच्या बाजूंना १२ मिमी, खणांना ९ आणि पाठीला ६ पुरे होतो. जिथे माणूस बसणार किंवा झोपणार तेवढ्याच जागी १८ लावा. ताकद जाडीतून कमी आणि कोपऱ्यातल्या पट्ट्यांतून जास्त येते: १२ मिमीच्या पेटीत आतल्या कोपऱ्यांना पाऊण इंची चौरस लाकडी पट्टी चिकटवून स्क्रू मारले की पेटी हलत नाही.

प्लायवर आयएसआयची खूण आणि आयएस ७१० हा आकडा पाहून घ्या. हा मरीन प्लाय. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मुंबईच्या गाडीत चालत नाहीत, कितीही स्वस्त मिळाले तरी. जून ते सप्टेंबर गाडी बंद उभी असते, आतली हवा दमट होते, आणि बोर्डाची कड फुगली की ती परत बसत नाही. मायका लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना लावा, एका बाजूला लावलेली फळी वाकते. १ मिमीचा मायका ८ बाय ४ ला चारेक किलो भर घालतो हेही ध्यानात ठेवा. मी आतून नुसतं पॉलियुरेथेन वॉर्निश मारतो.

फर्मा

फर्मा म्हणजे भिंतीचा आकार ज्यावर उचलून घ्यायचा तो टाकाऊ तुकडा. इथे थांबून नीट वाचा.

माझी पहिली गाडी चुनाभट्टीला रस्त्याच्या कडेला उभी होती. मी दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडला, बुडबुड्याची पाणसळ लावली, दर फुटाला भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत मांडलं. दोन दिवस खपून बाजूच्या फळ्या कापल्या. बसवल्या तेव्हा पाणसळीत त्या अगदी बरोबर होत्या, पण गाडीत तिरक्या दिसत होत्या, आणि छतापाशी दोन बोटांची फट पडली होती. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. गाडी त्या उतारावर कलून उभी होती. ओळंबा पृथ्वीला काटकोनात असतो, गाडीला नाही. घरात सगळ्यात खरी मानली जाणारी दोन हत्यारं गाडीत खोटं सांगतात. ती पेटीत बंद करून ठेवा.

गाडीत खरी एकच गोष्ट असते, ती म्हणजे फ्लोअर. सगळी मापं फ्लोअरवरून आणि गाडीच्या मधल्या रेषेवरून घ्यायची. फ्लोअरची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा, प्रत्येकाचा मध्य काढा आणि त्यावरून लाइनदोरी ताणा. तिला समांतर, ठरवलेल्या अंतरावर कपाटाच्या दर्शनी बाजूची रेघ मारा. काटकोन गुण्याने तपासू नका, लहान गुण्या लांब रेघेवर फसवतो. आखलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर काटकोन आहे.

आता भिंत. टेम्पो ट्रॅव्हलरची भिंत खालून वर आत वळत जाते, खिडकीच्या पट्टीपाशी जराशी मोडते आणि छताला मिळताना गोल होते. शिवाय ती लांबीच्या दिशेनेही किंचित वाकलेली असते. हा आकार मोजता येत नाही, उचलावा लागतो. त्यासाठी मी टोकदार पट्टीची पद्धत वापरतो.

सहा मिमीच्या प्लायची दोन फूट लांब, दीड इंच रुंद पट्टी कापा. एक टोक पेन्सिलसारखं निमुळतं करा, दुसऱ्या टोकाजवळ एका कडेला छोटी खाच पाडा. ज्या जागी कपाटाची उभी फळी येणार, नेमक्या त्याच जागी ४ मिमीच्या टाकाऊ प्लायचा किंवा हार्डबोर्डचा तुकडा फ्लोअरवर उभा करा. त्याची पुढची कड आखलेल्या रेघेवर टेकवा, मागची कड भिंतीपासून दोन-तीन इंच लांब राहू द्या. आता तो तुकडा आधाराच्या पट्ट्यांना क्लॅम्पने असा आवळा की हात लागला तरी हलणार नाही. मग टोकदार पट्टी तुकड्यावर सपाट धरून टोक भिंतीला टेकवा, पट्टीच्या एका कडेने रेघ ओढा, खाचेची खूण करा आणि शेजारी आकडा टाका. पट्टी जरा सरकवा, पुन्हा तेच. सरळ भागात दर तीन इंचांवर एक खूण पुरते, वळणावर दर इंचाला घ्या. खालून छतापर्यंत पंचवीसेक खुणा होतात.

तुकडा काढून खऱ्या प्लायवर ठेवा, खालची आणि पुढची कड जुळवा. पट्टी एकेका रेघेवर परत ठेवा, खाच खुणेला लावा, टोक जिथे येईल तिथे टिंब द्या. टिंबं एका लवचिक पातळ पट्टीने जोडली की भिंतीचा आकार तुमच्या प्लायवर उतरतो. कोनही नाहीत आणि गणितही नाही. हात बसला की चूक एक-दोन मिमीच्या पलीकडे जात नाही.

यात माणसं कुठे चुकतात ते सांगतो. पट्टी मध्येच तुटली की दुसरी घेतात, त्याक्षणी सगळ्या खुणा निकामी होतात. फर्म्यावर ‘वर’, ‘पुढे’, ‘डावा’ लिहीत नाहीत आणि मग फळी उलटी कापली जाते. डाव्या बाजूचा फर्मा उलटून उजवीकडे वापरतात. हे तर अजिबात करू नका. दरवाजा एकाच बाजूला असतो, तिथल्या पट्ट्या वेगळ्या असतात, आणि जुन्या गाडीचा पत्रा कधीतरी ठोकून सरळ केलेला असतो. प्रत्येक फळीचा फर्मा वेगळा घ्या. पाच फळ्यांना पाच फर्मे, पूर्ण दिवस जातो. तो दिवस जाऊ द्या.

कंपासने भिंतीच्या कडेकडेने रेघ ओढा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. फट इंचभर असेल तिथे तो ठीक आहे. ट्रॅव्हलरमध्ये वरपर्यंत जाईतो ती अर्ध्या फुटावर जाते, कंपास हातात कलतो आणि रेघ भलतीकडे जाते. आकार उचलणारं कंगव्यासारखं दातेरी गेज जेमतेम दहा इंचांचं असतं, ते खिडकीच्या बीडिंगपुरतं वापरा. आणि ‘फट राहिली तर फोम मारून टाका’ म्हणणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. फोमच्या मागे पाणी अडतं, पत्रा आतून गंजतो, आणि ते कळतं तेव्हा गंज बाहेरून फुगलेला असतो.

फळी मात्र भिंतीला घट्ट भिडवायची नाही. फर्म्याच्या रेघेपासून ४ मिमी आत कापा आणि कडेवर रबर बीडिंग चढवा. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत ते मीटरवर मिळतं. खड्ड्यांतून जाताना गाडीचा सांगाडा मुरडतो, लाकूड पत्र्याला घासतं आणि कुरकुर सुरू होते. मुंबई-गोवा महामार्गावर बारा तास ती कुरकुर ऐकली की माणूस कपाट उखडून फेकायला तयार होतो. याच मुरडीमुळे आठ फुटी सलग कपाट करू नका, त्याचे सांधे उकलतात. अडीच-तीन फुटांच्या पेट्या करा आणि त्या एकमेकींना बोल्टने जोडा.

कापण्याआधी एक गोष्ट. साडेपाच फूट उंच आणि दीड फूट खोल पेटी आडवी आत नेऊन उभी करायची तर तिचा कर्ण सुमारे ५ फूट ८ इंच भरतो. छत तेवढं उंच नसेल तर पेटी उभीच राहणार नाही. खालची कंबरेपर्यंतची आणि वरची वेगळी, अशा दोन पेट्या करा. दोन्ही दरवाजातून जातात का तेही पुठ्ठ्याच्या खोक्याने बघून घ्या.

गाडीला बांधणं

जोरात ब्रेक मारला की ५० किलोचं भरलेलं कपाट पस्तीस-चाळीस किलोच्या जोराने पुढे झेपावतं. टक्कर झाली तर हा जोर कित्येक पटींनी वाढतो. लाकडी स्क्रूने फ्लोअरच्या प्लायला धरलेलं कपाट तेव्हा तुमच्या पाठीवर येईल. खालून बांधायला सर्वांत भक्कम जागा म्हणजे सीटांची मूळ बोल्टची भोकं, कंपनीने ती माणसाचं वजन पेलायलाच दिलेली असतात. कपाटाची आखणीच त्यांच्या हिशोबाने करा. वर, भिंतीतल्या उभ्या फासळ्यांना एम६ चे रिव्हेट नट (भोकात कायमचे बसणारे, आतून आटे असलेले नट) मारा, त्याला ९ मिमीचं भोक लागतं. नट आणि ते मारायचं हत्यार दोन्ही नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. नुसत्या पत्र्यात रिव्हेट नट मारू नका, फासळीतच मारा.

भोक पाडण्याआधी खाली झोपून गाडीखाली पाहा. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरींचा जुडगा कुठून जातो ते डोळ्यांनी बघा. ड्रिलवर टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. प्रत्येक भोकाच्या कच्च्या कडेवर झिंक प्रायमर लावा आणि लोखंडाचा चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हा चुरा एका पावसाळ्यात गंजाचे डाग पाडतो. बोल्टखाली रुंद वॉशर, वर नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारा नट.

खण आणि दारं

खण सरकायचे चॅनेल नेहमीचे घ्या, पण खण वळणावर आपोआप उघडू नये याची सोय तुम्हालाच करायची आहे. चुंबकाचे खटके ताटल्यांनी भरलेला खण धरत नाहीत, मी दोनदा लावून दोनदा काढले. बटण दाबल्याशिवाय न उघडणारे खटके लावा. खर्च नको असेल तर खणाच्या पुढच्या तळाशी खाच ठेवा. खण बंद होताना पट्टीमागे अर्धा इंच खाली बसतो आणि उचलल्याशिवाय बाहेर येत नाही. याला साधे चॅनेल चालत नाहीत, लाकडी घसरपट्ट्या कराव्या लागतात. वरच्या कपाटांची दारं वर उघडणारी असू द्या.

प्रत्येक पेटीच्या पाठीत वर आणि खाली इंचभराची भोकं ठेवा, हवा खेळली नाही तर गणपतीपर्यंत कपड्यांना बुरशी येते. कापलेल्या सगळ्या कडा, भिंतीकडच्याही, दोनदा पॉलियुरेथेनने भरा.

जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, हलकं वर. पाण्याची टाकी एका बाजूला असेल तर धान्य आणि गॅस दुसऱ्या बाजूला. सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि नोंदणी प्रमाणपत्रावरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. मग कसारा घाट चढून-उतरून या. सोबत एकाला मागे बसवा, सीटबेल्ट लावून, आणि आवाज कुठून येतो तिथे खडूने फुली मारायला सांगा. परत आल्यावर फुल्यांच्या जागी बीडिंग भरा आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पाचशे किलोमीटर झाले की एकदा आणखी आवळा, पहिल्या वेळी प्लाय वॉशरखाली थोडा दबतोच.