ग्रीन कार्ड प्रलंबित असताना अमेरिकेतील जोडीदाराच्या भेटीला जाताना

लग्न आटोपून जोडीदार अमेरिकेला परतला, त्याने किंवा तिने आय-१३० पिटिशन (जोडीदाराला ग्रीन कार्ड मिळावे यासाठीचा अर्ज) दाखल केले, आणि फोंड्यात, डिचोलीत किंवा पेडण्यात मागे राहिलेल्या व्यक्तीच्या वाट्याला प्रतीक्षा आली, ही परिस्थिती गोव्यातील अनेक घरांना परिचित आहे. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर वार्षिक व्हिसासंख्येची मर्यादा आड येत नाही. तो केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर मात्र एफ२ए (ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांचा) प्रवर्गाच्या रांगेत थांबावे लागते. या काळात पर्यटक म्हणून, म्हणजे बी-२ व्हिसावर, भेटीला जाण्यास कायद्याने मनाई नाही. अडचण वेगळीच आहे. अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी) प्रमाणे बी-२ मागणारा प्रत्येक अर्जदार मुळात कायम राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरले जाते, आणि ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. आपल्या बाबतीत तर कायम राहण्याचा इरादा पिटिशनच्या रूपाने अमेरिकी सरकारच्या दप्तरी आधीच नोंदलेला असतो.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की काहीही लपवू नये. बी-२ व्हिसासाठीच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात आपल्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन दाखल केले आहे का, आणि जोडीदार अमेरिकेत आहे का, असे प्रश्न स्पष्टपणे विचारलेले असतात. ‘नाही लिहा, कोण तपासतो’ असा सल्ला देणारे एजंट भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नये. बी-२ नाकारला गेला म्हणून पिटिशन बुडत नाही, पण खोटे उत्तर सिद्ध झाले तर कलम २१२(अ)(६)(क) खाली कायमची प्रवेशबंदी येऊ शकते, आणि मग ग्रीन कार्डसाठीही स्वतंत्र माफीचा अर्ज करावा लागतो. एका भेटीसाठी सगळा संसार पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे परत येण्याचे ठोस कारण. सरकारी किंवा अनुदानित शाळेतील नोकरी असेल तर मंजूर रजेचा आदेश, खासगी नोकरी असेल तर रुजू होण्याची तारीख लिहिलेले पत्र, स्वतःचा व्यवसाय असेल तर त्याचे परवाने आणि विवरणपत्रे जवळ ठेवावीत. जमिनीचा एक-चौदाचा उतारा अनेकजण नेतात. तो जवळ असावा, परंतु वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्शापेक्षा ‘अमुक तारखेला कामावर हजर व्हायचे आहे’ हे कारण अधिकाऱ्याला लवकर पटते, असे माझे मत आहे. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीतली मुलाखत काही मिनिटांची असते आणि कागद बहुधा मागितलेही जात नाहीत, त्यामुळे दोन वाक्ये तोंडी तयार हवीत: नवऱ्याला भेटायला तीन आठवडे जात आहे, इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मी येथेच, मुंबईत देणार आहे. गोव्यात लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे होते, म्हणून देवळातल्या विधीची नव्हे, तर त्या नोंदीची तारीख आणि तेथील नाव सर्व अर्जांत सारखे असावे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर जुने नावही लिहावे.

व्हिसा हाती आला, किंवा पूर्वीचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर असला, तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय तेथील विमानतळावरचा अधिकारी घेतो. तो सामान उघडू शकतो. शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रे, घरातली भांडी, सगळे दागिने आणि हिवाळ्या-उन्हाळ्याचे कपडे अशा दोन भरगच्च बॅगा पाहिल्यावर ‘तीन आठवडे’ या उत्तरावर कोण विश्वास ठेवील? तीन आठवड्यांपुरतेच सामान, परतीचे तिकीट आणि रजेचे पत्र हातातल्या पिशवीत ठेवावे. सोलं, मसाले यांसारखे खाण्याचे पदार्थ न्यायचे असल्यास जाहीर करावेत. मांसाचे पदार्थ नेऊच नयेत.

प्रवेश मिळाल्यावर आय-९४ ही प्रवेशाची नोंद ऑनलाइन पाहावी. राहण्याची मुदत व्हिसावर नव्हे, त्या नोंदीवर ठरते. ती बहुधा सहा महिन्यांची असते, पण सांगितलेल्या दिवसांतच परतावे. मुदत संपूनही १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून देश सोडल्यास तीन वर्षांची, आणि एक वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षांची बंदी लागते. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘गेलीच आहेस तर तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज भर’ असे नातेवाईक म्हणतील. मनात तोच बेत धरून पर्यटक म्हणून शिरणे म्हणजे अधिकाऱ्याला खोटे सांगणे होय. परिस्थिती खरोखरच बदलली तर आधी तेथील इमिग्रेशन वकिलाला विचारावे.

हे सारे जुळत नसेल, विशेषतः नोकरी नसेल, तर जोडीदारानेच गोव्यात येणे अधिक सोपे. मात्र तो ग्रीन कार्डधारक असल्यास सहा महिन्यांहून अधिक सलग बाहेर राहिल्याने पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

भेटीच्या काळात नॅशनल व्हिसा सेंटरचे (इमिग्रंट व्हिसाची कागदपत्रे हाताळणाऱ्या अमेरिकी कार्यालयाचे) ईमेल नियमित पाहावेत, आणि परतल्यावर बोर्डिंग पास जपून ठेवावा. इमिग्रंट व्हिसाच्या डीएस-२६० अर्जात अमेरिकेच्या पूर्वीच्या भेटींच्या तारखा भराव्या लागतात.